भिंत हलत होती

माझा धंदा खोटं बोलण्याचा आहे, असं माझा दादा म्हणतो. मी लग्नांचे, वाढदिवसांचे, शाळांच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ काढते आणि कापून, जोडून नीट करून देते. रडणारं पोर कापते, जांभया देणारे पाहुणे कापते, नवऱ्याच्या मित्राचं भाषण तर पार दोन वाक्यांवर आणून ठेवते. लोक घरी बसून बघतात आणि म्हणतात, किती छान झालं होतं ना सगळं! तसं ते झालेलं नसतं, मी केलेलं असतं. दादाच्या या बोलण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण मी माझ्या कामाला कला समजते. आता जात नाही. का ते सांगते. त्यात माझी बाजू काही फार चांगली दिसणार नाही.

दादाला एकच मुलगी. जन्मली तेव्हा तिचं नाक शर्टाच्या बटणाएवढं होतं, म्हणून मी तिला बटण म्हणायला लागले. वहिनीने आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण पंधरा दिवसांत तीही 'बटण दूध पी' म्हणू लागली. बटण पावणेदोन वर्षांची होती तेव्हा तिला सर्दी झाली. सर्दी गेली आणि ती पडायला लागली. चालता चालता कलंडायची, उठायची, पुन्हा कलंडायची. आमच्या गल्लीतले डॉक्टर म्हणाले, सर्दीनंतर मुलांना होतं असं, आठवड्याभरात जाईल. आठवड्याभरात तिला बसताही येईना.

डोळ्यांचं मात्र पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, आणि ही शेखी मी पुढे बरेच दिवस मिरवली. नवी लेन्स आणली होती, ती तपासायला म्हणून मी खुर्चीत टेकवून बसवलेल्या बटणचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घेतला. स्टुडिओत येऊन मोठ्या पडद्यावर बघते तर तिचे डोळे एका जागी ठरत नव्हते. दोन्ही डोळे एकदम डावीकडे, वर, पुन्हा डावीकडे, खाली, कसेही आणि कुठेही. मला वाटलं लेन्सच खराब निघाली. दुकानदाराला चार शब्द सुनवायला फोन उचललाही होता. मग मी खुर्चीचा पाय बघितला. खुर्ची स्थिर होती. मी फोन ठेवला आणि तशीच दादाच्या घरी पळाले.

तोच व्हिडिओ गल्लीतल्या डॉक्टरांनी पाहिला, त्यांचा चेहरा उतरला, आणि त्यांनी आम्हाला चार तासांवरच्या मोठ्या शहरात मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. या बाई साठीच्या. केस बारीक कापलेले, पायात कापडी बूट, बोलणं तोलूनमापून. त्यांनी बटणला फार तपासलंही नाही. तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या, एक लाल पेला पुढे केला, आणि तो घेताना बटणचा हात कसा उडतो ते बघत राहिल्या.

"हिच्या अंगात कुठेतरी गाठ असण्याची शक्यता आहे," त्या म्हणाल्या. "छोटीशी असेल. पण शोधायची."

वहिनीने दादाचा हात धरला. ती सहसा कुणाचा हात धरत नाही. ती गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर आहे. खोकी स्वतः मोजल्याशिवाय सही करत नाही. ट्रकवाले तिला घाबरतात आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा.

"गाठीचा आणि डोळ्यांचा काय संबंध?" तिने विचारलं.

"शरीराने त्या गाठीला ओळखलं आणि तिला मारायची तयारी केली. ते चांगलंच झालं. पण मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागातल्या पेशी त्या गाठीसारख्या दिसतात. एकाच शाळेचा गणवेश घातलेली दोन पोरं समजा. खोडी एकाने काढली आणि मार दोघांना बसतोय."

"म्हणजे गाठ काढली की झालं?" दादा.

"गाठ काढणं त्या मानाने सोपं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मार थांबवणं अवघड."

गाठ सापडली, मूत्रपिंडाच्या वर, बदामाएवढी. ती काढली. पसरलेली नव्हती, त्यामुळे त्यासाठी आणखी काही करावं लागलं नाही. आम्ही सगळे हरखून गेलो. दादाने तर सगळ्यांना फोन करून सांगून टाकलं. पण बटण तशीच थरथरत राहिली, तिचे डोळे तसेच भरकटत राहिले, आणि वर राग! असा राग मी कुठल्या मोठ्या माणसातही पाहिला नाही. पेला फेकायची, चावायची, स्वतःचे केस ओढायची. एवढंसं पोर, आणि आवरता आवरता तिघांच्या नाकी नऊ यायचे. डॉक्टरांनी सांगितलं की रागही आजाराचाच आहे, तिच्यावर ओरडायचं नाही. हे सांगणं सोपं आहे. माझ्या हाताला तिच्या दातांची खूण होती तेव्हा मला ते अजिबात सोपं वाटलं नाही.

मग खरे उपचार सुरू झाले. त्याला इम्युनोथेरपी म्हणतात हे आम्हाला तेव्हा कळलं. "प्रतिकारशक्ती वाढवायचं औषध ना?" असं दादाने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "इथे उलटं आहे. त्या शक्तीला आवरायचं, तिची समजूत काढायची." महिन्यातून तीन दिवस स्टेरॉइड, आणि महिन्यातून एकदा सलाइनसारखी एक बाटली, ज्यात हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडं असतात. ही बाटली सहा-सात तास चालायची. बटणच्या मनगटाला पट्टी बांधलेली असायची आणि ती वहिनीच्या मांडीवर पडून छताकडे बघत असायची. मला त्या बाटलीकडे बघून वाटायचं, एवढ्या हजारो लोकांनी आमच्या बटणसाठी बाही वर सारली असेल आणि त्यांना तिचं नावही माहीत नाही. असलं काही वाटलं की मी उठून बाहेर जायचे, कारण मला लोकांसमोर रडायला आवडत नाही.

"या दोन औषधांना बारा आठवडे देऊ," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "तेवढ्यात पुरेसा फरक पडला तर ठीक. नाही पडला तर तिसरं औषध आहे. ते मेंदूला मार देणारी प्रतिपिंडं बनवणाऱ्या तिच्या पेशींनाच काढून टाकतं. चांगलं औषध आहे, पण त्यानंतर काही महिने जंतुसंसर्गाला फार जपावं लागतं. उगाच द्यायचं नाही. आणि लागत असेल तर उशीरही करायचा नाही. मेंदूला हा मार जितका जास्त दिवस बसेल, तितकं पुढे बोलणं, शिकणं मागे पडतं."

लागतं की नाही ते ठरणार कसं? तर व्हिडिओवरून. चार तासांचा प्रवास दर आठवड्याला करणं बटणला झेपणार नव्हतं. म्हणून दर रविवारी घरी तिच्याकडून ठरलेल्या गोष्टी करून घ्यायच्या. बसणं, उभं राहणं, खुर्चीपासून दारापर्यंत चालणं, पेल्यांवर पेले रचणं, चमच्याने दही खाणं, समोर धरलेल्या खेळण्याकडे बघणं. याचा व्हिडिओ पाठवायचा, डॉक्टर तो बघून प्रत्येक गोष्टीला शून्य ते तीन गुण देणार. जितके गुण जास्त तितकं वाईट. पहिल्या दिवशी बटणला अठरापैकी चौदा मिळाले होते. "पहिली परीक्षा आहे जिथे शून्य मिळालं तर मी खाऊ वाटीन," वहिनी म्हणाली.

व्हिडिओ कोण काढणार हा प्रश्नच नव्हता. घरात कॅमेऱ्याची बाई मी. "पाच मिनिटांपेक्षा मोठा नको," डॉक्टर म्हणाल्या. "मला बऱ्याच मुलांचे बघायचे असतात."

माझं जे काय बिघडलं ते या पाच मिनिटांत.

रविवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन जायचे. शूटिंग वीस-बावीस मिनिटांचं व्हायचं. त्यातली सात-आठ मिनिटं नुसता आरडाओरडा. तीन वेळा पेले उधळलेले. चालताना दोनदा पडली, तिसऱ्यांदा भिंतीला धरून गेली, चौथ्यांदा कशीबशी दारापर्यंत पोचली. पाच मिनिटांत यातलं काय ठेवाल? मी जे वीस वर्षं करत आले तेच केलं. चौथी खेप ठेवली. जिथे ती ओरडत होती ते काढलं, कारण त्यात कामाचं काही दिसत नव्हतं. डोळे ज्या क्षणी शांत होते तो तुकडा घेतला, कारण बाकीच्यांत चेहरा नीट दिसत नव्हता. माझा हात कॅमेरा धरून हलतो, म्हणून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र स्थिर करायची एक सोय आहे, ती मी प्रत्येक व्हिडिओला लावतेच. दात घासल्यासारखं झालंय ते, लावलं की नाही आठवतही नाही. शपथेवर सांगते, माझ्या मनात काळंबेरं नव्हतं. मला माझी भाची चांगली दिसायला हवी होती, एवढंच.

आणि ती चांगली दिसायला लागली. दर आठवड्याला गुण उतरत गेले. बारा, दहा, आठ, सहा. दादा ते आकडे फळ्यावर लिहून ठेवायचा. वहिनीचा हिशोब वेगळा होता. तिने एक वही सुरू केली होती. गोदामातली सवय. आज किती वेळा पडली, किती वेळ झोपली, किती वेळा पेला हातातून उडाला. आकड्यांखाली तारीख आणि तिची सही. स्वतःच्याच वहीत स्वतःच सही करणारी माझी वहिनी! मी तिची चेष्टा करायचे. तिच्या वहीत आकडे उतरत होते, पण फळ्यावरच्या आकड्यांइतके नाही. फरक आहे हे मला दिसत होतं. आई आहे, जरा जास्तच बघते, असं मी स्वतःला सांगितलं.

बारा आठवडे झाले आणि आम्ही चौघं मोठ्या शहरात गेलो. गाडीत बटण माझ्या खांद्यावर झोपून गेली आणि दवाखान्यातही उठली नाही. तपासायला उठवलं तर तिने असा काही गोंधळ घातला की डॉक्टर म्हणाल्या, राहू दे, प्रवासाने दमली आहे, माझ्याकडे व्हिडिओ आहेत. त्यांनी शेवटचा व्हिडिओ भिंतीवरच्या पडद्यावर लावला.

"चार," त्या म्हणाल्या. हसल्या. मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. "उभी बघा किती छान राहिली आहे. अंग जवळजवळ हलत नाही. मला वाटतं तिसऱ्या औषधाची गरज नाही. सहा महिने हेच चालू ठेवू आणि हळूहळू कमी करू."

दादाने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. वहिनीने पिशवीतून वही काढली.

"डॉक्टर, या आठवड्यात रोज अकरा-बारा वेळा पडली आहे," ती म्हणाली. "मी मोजलंय. काल दह्याचा चमचा एकदाही तोंडापर्यंत गेला नाही."

डॉक्टरांनी वही हातात घेतली, दोन पानं चाळली आणि फार मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही तीन महिने नीट झोपलेल्या नाही आहात. असं होतं. आईला प्रत्येक पडणं दिसतं. म्हणून तर आम्ही व्हिडिओ मागवतो."

"अगं, डॉक्टर सांगतायत ना," दादा म्हणाला. "सगळं नीट होतंय. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

ट्रकवाल्यांना सरळ करणारी बाई, मान खाली घालून वही पिशवीत ठेवायला लागली.

मी पडद्याकडे बघत होते. व्हिडिओ अजून चालू होता. बटण उभी होती, स्थिर, हात बाजूला, अगदी शहाण्या मुलीसारखी. आणि तिच्या मागची भिंत हलत होती. दाराची चौकट मधूनच लवत होती, खिडकीची कड डावीकडे सरकून परत येत होती. त्या सोयीने माझ्या हाताची थरथर काढायच्या ऐवजी बटणचं अंग धरून ठेवलं होतं. पोर स्थिर केलं होतं आणि तिची सगळी थरथर घराला दिली होती. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं, बघणारा माणूस मुलीकडे बघतो. मला दिसलं.

आणि मी बोलले नाही. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. डॉक्टर कागदावर लिहीत होत्या, दादा त्यांचे आभार मानत होता, आणि मी माझ्या बुटांकडे बघत उभी. वीस वर्षांचं काम, डोळ्यांचा शोध लावल्याची शेखी, सगळं आड येत होतं.

आम्ही बाहेर आलो. दादा कागदावर शिक्का मारून घ्यायला खिडकीकडे गेला. वहिनी बाकावर बसली, बटण तिच्या मांडीवर. समोर बाटल्यांची ढकलगाडी घेऊन एक नर्स गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत वहिनी थांबली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "माझं डोकं ठिकाणावर आहे ना गं? अकरा वेळा पडली असं मी लिहिलंय. नसेलच पडली का? मला दिसतं ते कुणालाच कसं दिसत नाही?"

माझ्या वहिनीने आजवर मला कधी असा प्रश्न विचारला नव्हता. तिला तिच्या मोजणीबद्दल शंका येते हे मी पहिल्यांदा बघितलं, आणि ती माझ्यामुळे आली होती.

"पडली," मी म्हणाले. "वहिनी, अकरा वेळा पडली असेल. मी कापलं."

"काय कापलंस?"

"पडणं. ओरडणं. पेले. आणि तो व्हिडिओ मी स्थिर केलाय. ती हलतेय, तिथे दिसत नाही. चार नाहीयेत गुण. किती आहेत मला माहीत नाही, पण चार नाहीत."

मला वाटलं कानाखाली बसणार, आणि बसायलाच हवी होती. ती अगदी हळू म्हणाली, "वन्सं." लग्नाला नऊ वर्षं झाली, ती मला कायम 'अगं तू' म्हणते. ती वन्सं म्हणाली की समजायचं, घरात आता मला जागा नाही.

"मूळ कुठे आहे?" तिने विचारलं.

"आहे. बाराही रविवारचं आहे. मी मूळ कधीच पुसत नाही. लॅपटॉप बॅगेतच आहे."

"मग उठ."

तिने दार वाजवलं नाही, सरळ उघडलं. आत दुसरं मूल, दुसरे आईबाप होते. "पाच मिनिटं द्या," वहिनी त्यांना म्हणाली, आणि तिचा चेहरा बघून ते उठून बाहेर गेले. मी लॅपटॉप उघडला. पासवर्ड दोनदा चुकला. मागच्या रविवारचं मूळ लावलं आणि काय केलं ते सांगितलं. कुठला तुकडा ठेवला, कुठला का काढला, भिंत कशी हलते ते बोट ठेवून दाखवलं. या वेळी मी काही गाळलं नाही.

डॉक्टरांनी खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली. बावीसच्या बावीस मिनिटं बघितली. बटण पडली, उठली, पडली. पेले उधळले. चमचा कानापाशी गेला. डोळे खेळण्यावर यायचे आणि निसटायचे, यायचे आणि निसटायचे. मधेच ती एवढ्या जोराने किंचाळली की मांडीवरची खरी बटण झोपेत दचकली. मग डॉक्टरांनी चौथ्या आठवड्याचं मागितलं, मग आठव्याचं. तोवर दादा येऊन मागे उभा राहिला होता आणि त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"दहा," त्या शेवटी म्हणाल्या. "चौदावरून दहा. थोडा फरक आहे, पण पुरेसा नाही."

त्यांनी दादाच्या हातातला मघाचा कागद घेऊन फाडला. मग वहिनीकडे वळल्या. "ती वही द्या. मी ती वाचायला हवी होती. चाळली फक्त. माझं चुकलं."

वहिनीने वही दिली आणि तिचे डोळे भरून आले. तीन महिन्यांत ती रडली नव्हती.

"माझ्यामुळे तीन महिने वाया गेले का?" मी विचारलं.

डॉक्टर थोडा वेळ विचार करत राहिल्या, आणि मला ते आवडलं. चटकन 'नाही' म्हणाल्या असत्या तर मी विश्वास ठेवला नसता. "पहिल्या दोन औषधांना एवढा वेळ द्यायचाच होता," त्या म्हणाल्या. "दोनेक आठवडे आधी कळलं असतं कदाचित. पण आज तुम्ही गप्प घरी गेला असता, तर पुढचे सहा महिने गेले असते. ते परत मिळाले नसते." मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "पाच मिनिटं मी म्हटलं होतं. पाच मिनिटांत काय ठेवायचं ते सांगितलं नव्हतं. यापुढे प्रत्येक घराला सांगेन, पडलेलं आधी पाठवा. आणि बाई, तुम्ही फार सुंदर काम करता. माझ्यासाठी पुन्हा करू नका."

तिसरं औषध पुढच्याच आठवड्यात सुरू झालं. आठवड्याला एक बाटली, चार आठवडे. पहिल्या दिवशी अंगावर पित्तासारखे लाल चट्टे उठले, ताप चढला, आणि नर्सने बाटलीचा वेग कमी केला आणि ती तासभर तिथून हलली नाही. "या औषधाची पहिली भेट जरा रुसव्याचीच असते," ती म्हणाली. दुसऱ्या खेपेला काही झालं नाही.

मला दादाच्या घरी जायला बंदी झाली. औषधामुळे बटणला जंतुसंसर्गाचा धोका, आणि मी शनिवार-रविवार तीनशे माणसांत कॅमेरा घेऊन फिरणारी. कारण खरं होतं. पण बंदी सांगताना वहिनीच्या आवाजात जे होतं ते औषधाबद्दल नव्हतं. व्हिडिओही आता तीच काढायची. मला फक्त ते डॉक्टरांच्या पत्त्यावर चढवून द्यायचं काम होतं, कारण मोठी फाइल पाठवणं तिला जमत नव्हतं. "जसा आहे तसा," ती प्रत्येक वेळी खाली लिहायची. आणि कसा असायचा तो! बटणपेक्षा वहिनीचा अंगठा जास्त. अर्धा वेळ छत. एकदा सबंध तीन मिनिटं दादाचं पोट. माझा जीव वरखाली व्हायचा, पण मी हात मागे बांधून बघायचे. एक सेकंद कापला नाही.

आणि त्या वाईट, तिरक्या, अर्ध्या अंधाऱ्या व्हिडिओंत मला दिसायला लागलं. पाचव्या आठवड्यात बटण सलग दोन खेपा न पडता चालली. सातव्या आठवड्यात चमचा तोंडात गेला, दही हनुवटीवर, पण तोंडातही. नवव्यात तिने दोन पेले एकमेकांवर ठेवले आणि स्वतःच टाळ्या पिटल्या, आणि मागून वहिनीचा हुंदका ऐकू आला. मी तो व्हिडिओ त्या दिवशी सहा वेळा बघितला. एका लग्नाचं काम आठवडाभर लांबलं आणि नवरीच्या मावशीने मला फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. मी सगळं ऐकून घेतलं.

सगळं काही जुळून आलं असं मी म्हणणार नाही. मधे एकदा ताप आला तेव्हा थरथर परत वाढली होती, आणि सगळ्यांनी हातपाय गाळले. डॉक्टरांनी एक स्टेरॉइडचा फेरा वाढवला आणि ती ओसरली. आजार असा पुढेही उलटू शकतो म्हणे, तापाच्या दिवसांत डोळ्यात तेल घालून बघायचं. बोलण्यात ती अजून मागे आहे. तीन वर्षांची मुलं जेवढं बोलतात त्याच्या निम्मं बोलते. चालताना पाय फाकवून टाकते, नव्या खलाशासारखे. अजून काही वर्षं तपासण्या आहेत. पण रात्रीची झोप परत आली, आणि रागही उतरला. आता ती रागावते ते कारणाने रागावते.

सातव्या महिन्यात डॉक्टरांनी बंदी उठवली. रविवारी वहिनीचा फोन आला. "आज तू ये," ती म्हणाली. "कॅमेरा घेऊन ये. माझे व्हिडिओ बघून डॉक्टरांची मान अवघडते म्हणे."

"वहिनी, नक्की?"

"अगं ये ना. किती आढेवेढे घेतेस."

अगं म्हणाली. मी स्टुडिओला कुलूपही न लावता निघाले.

बटण जमिनीवर बसली होती. स्टेरॉइडने फुगलेले गाल आता बरेच उतरले होते. सात महिन्यांत तिने मला फोनच्या पडद्यावरच बघितलं होतं, त्यामुळे आधी जरा अंग चोरून बसली. मी कॅमेरा लावला. ती चालली, बसली, दही खाल्लं. पेले रचायला दिले. एकावर एक, त्यावर तिसरा. चौथा ठेवताना मनोरा पडला. तिने पुन्हा रचायला घेतला, चारही ठेवले, आणि माझ्याकडे विजयी नजर टाकून उठायला लागली.

"बटण, अजून एकदा," मी म्हणाले. "डॉक्टरांना दाखवायचंय."

तिने रचला. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तिचं डोकं मधे आल्यामुळे वरचा पेला दिसला नव्हता.

"राणी, अजून एकदाच."

बटणने हातातला पेला खाली आपटला. मान वर केली. भुवया आवळल्या, गाल फुगवले, आणि तिने माझ्यावर डोळे वटारले. अगदी तिच्या आईसारखे, ट्रकवाल्यांसाठी राखून ठेवलेले.

"आत्या, पुले!" ती ओरडली. 'र' तिला अजून येत नाही.

इतके महिने ते डोळे माझ्यापर्यंत यायचे आणि निसटून जायचे. आता निसटतील, मला वाटलं, आता डावीकडे जातील. माझ्या मागे वहिनी उभी होती, तिचा हात माझ्या खांद्यावर आला.

"बघतेयस?" मी विचारलं.

"गप. बघू दे."

मी मनात आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन. बटण रागाने बघत होती. सहा, सात. मला रडू फुटलं होतं आणि माझ्या रडण्याने ती आणखीच चिडली. मी दहापर्यंत मोजलं. दहाव्या आकड्यालाही ते डोळे माझ्यावरच होते.